इथपर्यंत त्याचा हात

"मिलिमीटर म्हणतात ते तुम्हीच का?" काउंटरवर बुटांचं खोकं ठेवत बाईंनी विचारलं, आणि चष्म्याच्या दुकानातली सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. फ्रेम लावून आरशात बघणारी एक मुलगी तर चक्क हसली. तो मागच्या खोलीच्या दारात उभा होता, हातात अर्धवट घासलेली काच, बोटांवरून पांढरं पाणी ओघळत होतं. इतकी वर्षं तो या दुकानात काचा फ्रेमच्या मापाला घासत होता, मालकासकट सगळे त्याला अदबीनं हाक मारत होते, आणि ते नाव त्यानं या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं होतं. उद्यापासून मालकही गमतीगमतीत तेच म्हणणार, हे त्याला तिथल्या तिथे कळून चुकलं. बाईंना त्यानं याआधी पाहिलेलं नव्हतं, पण ते नाव कुणाच्या घरून आलंय हे कळायला बाईंना ओळखायची गरज नव्हती. रंगवाला मेला होता, आणि मेल्यावरही त्याचा टोमणा पायी चालत दुकानापर्यंत येऊन पोचला होता.

"हो," तो म्हणाला. "बोला."

"चौकात रंगाचं दुकान होतं ना, त्यांची मी बायको. ही त्यांची राहिलेली गाडी. तुमच्याकडे द्यायची असं सांगून गेलेत."

"माझ्याकडे? क्लबच्या सेक्रेटरींकडे म्हणाले असतील, वहिनी."

"नाही. मिलिमीटरकडे. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस म्हणाले." त्या ते नाव इतक्या साधेपणानं घेत होत्या की जणू त्याच्या आईबापांनीच ते ठेवलं होतं. "आत रंगाची बाटलीपण आहे. उरलेला रंग आहे तिच्यात, लागला तर."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली, पण हात मात्र खोक्याकडे गेला. खोकं हलकं होतं. आत काहीतरी कापसात गुंडाळलेलं असणार, कारण ते हललं नाही, वाजलं नाही. बाई गेल्या. तो मागच्या खोलीत जाऊन यंत्रापुढे बसला आणि हातातली काच पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकाला लावली, आणि जन्मात पहिल्यांदा ती जरा जास्तच घासली गेली. फ्रेममध्ये ती सैल बसली असती. त्यानं ती कचऱ्यात टाकली आणि तिची किंमत स्वतःच्या नावावर न लावता रंगवाल्याच्या नावावर लावली, मनातल्या मनात, कारण त्याच्या मनात त्या माणसाचं खातं फार जुनं होतं आणि ते कधी मिटणारं नव्हतं.

त्यांचा क्लब म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. जुन्या जमान्यातली मोटार घ्यायची, तिचं छत कापून खाली उतरवायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं, मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी लावायची, की रस्त्याला चिकटून धावणारी एक उर्मट गाडी तयार होते. हे सगळं वितीएवढ्या प्लॅस्टिकमध्ये करणारी ही माणसं होती. कुणी शर्यतीच्या गाड्या करायचे, कुणी असल्या उर्मट. बायका-पोरांना ते खेळ वाटायचे, आणि तसं म्हटलं की या माणसांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तो क्लबात आला तेव्हा नवा होता. पहिल्याच प्रदर्शनात त्यानं खिशातून मापाचा चिमटा काढला आणि टेबलावर मांडलेल्या आपल्याच गाडीची दोन्ही चाकं कडेपासून सारखी आहेत का ते बघायला लागला. रंगवाला शेजारी उभा होता. जाडजूड माणूस, नखांत कायम कुठला ना कुठला रंग, आवाज असा की हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. "अरे, हा मिलिमीटर बघा," तो म्हणाला. "बायकोला जवळ घेतानाही आधी मोजून घेत असणार." सगळे हसले. तोही हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं, आणि त्या हसण्याची लाज त्याला पुढे वर्षानुवर्षं अंघोळ करताना, काचा घासताना, अगदी पोटच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांशी बोलतानासुद्धा अचानक येत राहिली. पुढे बक्षिसं सुरू झाली. म्हणजे रंगवाल्याला सुरू झाली. याच्या गाडीत कुणाला चूक सापडायची नाही आणि बक्षीस मात्र त्याच्या गाडीला मिळायचं, जिची एक दारफट दुसरीपेक्षा रुंद असायची, जिच्या आरशाच्या बुडाशी गोंद दिसायचा. परीक्षक म्हणायचे, जान आहे हो हिच्यात. हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. जान म्हणजे काय, ती कुठे लावतात, कुठल्या नंबरच्या पॉलिशपेपरनं घासतात, हे कुणी सांगायचं नाही. रंगवाला आजारातच गेल्याची बातमी आली तेव्हा तो जेवत होता. सेक्रेटरीचा फोन होता. तो "अरेरे" म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात दुःखाच्या आधी एक गोष्ट आली, ती अशी की आता या माणसाला कधीच हरवता येणार नाही. घास तोंडात तसाच राहिला. बायकोला वाटलं, बसला धक्का.

आणि आता हे खोकं. क्लबात एक रीत होती. कुणी सभासद गेला आणि त्याची गाडी अर्धी राहिली, तर ती दुसऱ्यानं पुरी करायची आणि प्रदर्शनात वेगळ्या टेबलावर मांडायची. त्यानं केलेलं काही उकलायचं नाही, राहिलं असेल तेवढंच करायचं. मग प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून, गाडीवर बोट ठेवून सांगायचं की इथपर्यंत त्याचा हात, इथून पुढे माझा. बस. भाषण नाही, फोटोला हार नाही. माणसं गाडीभोवती जमतात, वाकून बघतात, आणि दोन हातांमधली ती रेघ शोधतात. रेघ सापडू नये असं काम करणं हा मोठेपणा समजला जायचा. त्याच्या मनात मोठेपणा नव्हता. रेघ अशी दिसायला हवी की आंधळ्यालाही कळावं, इथपर्यंत गबाळेपणा आणि इथून पुढे काम. जिवंतपणी जे जमलं नाही ते आता त्याच्याच गाडीवर, त्याच्याच बायकोसमोर, सगळ्या क्लबाच्या साक्षीनं करता येणार होतं. एवढं एकदा झालं की झालं, मग जान का काय ती मेली तरी चालणार होती. घरी जाताना तो खोकं छातीशी धरून चालला आणि रस्त्यात कुणाचा धक्का लागला की थांबून त्या माणसाकडे रागानं बघत राहिला.

"आलं का सवतीचं सामान," बायको म्हणाली. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "तुमचा त्या माणसावर इतका राग, की मला कधीकधी वाटतं, तुमचं खरं लग्न त्याच्याशीच झालंय."

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"नाही कळत. तेवढं ते थिनरचं झाकण लावून ठेवा, सगळ्या घराला वास मारतो."

खिडकीजवळ त्याचं टेबल होतं. काच पसरलेलं, कारण लाकूड फुगतं आणि काच फुगत नाही. त्यानं कापूस बाजूला केला. गाडी गडद तांबड्या रंगाची होती, कडांना जवळजवळ काळी पडत गेलेली. चाकं बसलेली नव्हती, आतल्या सीट नव्हत्या, इंजिन वेगळ्या पुडीत होतं. पण बॉडी पुरी होती, आणि ती चांगली होती. छत उतरवलेलं होतं. असल्या गाड्यांत खरी परीक्षा तीच असते. खिडक्यांमधले खांब कापायचे, त्यातला तुकडा काढायचा आणि छत पुन्हा खाली बसवायचं. पण खांब तिरके असतात, त्यामुळे कापलं की वरचं टोक खालच्या टोकावर येतच नाही, आणि मग ते छत चिरावं लागतं, मध्ये पट्टी घालावी लागते, आणि बहुतेकांची गाडी तिथेच फसते. रंगवाल्याला कापणं कधी जमायचं नाही. त्याची छतं दुसऱ्याच्या टोपीसारखी बसायची. आणि हे छत, तो खिडकीशी नेऊन वळवून वळवून बघत होता, हे छत गाडीच्या अंगातून उगवल्यासारखं बसलं होतं. कुठे कापलंय त्याचा पत्ता लागत नव्हता. चिमटा लावून मोजावं तर रंग अजून कोवळा होता, पोलादाचे ओरखडे उठले असते. मरता मरता शिकला की काय साला, असं त्याला वाटलं आणि स्वतःच्या मनात आलेल्या कौतुकाचाच त्याला इतका राग आला की गाडी खाली ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बायकोनं विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाला. वाळत घातलेल्या चादरीतून पाणी टपकत होतं आणि ते खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी पत्र्यावर वाजत होतं.

दोन दिवस त्यानं गाडीला हात लावला नाही. इंजिन तेवढं केलं, वायरी म्हणून दोऱ्याचे पीळ लावले, सीटना अस्तर घातलं, सगळं नेहमीसारखं चोख, आणि करताना कसलंच सुख झालं नाही, कारण एवढं चोख करूनही ते त्या छताखाली झाकलं जाणार होतं. लोक छत बघणार. इथपर्यंत त्याचा हात, म्हटल्यावर लोक म्हणणार, व्वा. इथून पुढे माझा, म्हटल्यावर चुळबुळ. मग सकाळी दुकानात जायच्या आधी, खिडकीतून चांगला उजेड येत असताना, त्यानं काचा तपासायचं भिंग डोळ्याला लावलं आणि रंग बघितला. आधी विश्वास बसेना. रंग एकसारखा नव्हता. छताची डावी मागची कड फिकी होती, आणि तिच्या खाली, खिडकीच्या खालच्या अंगाला, रंग एकदम दाट, दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी दाट. उजवीकडे तसं नाही. आजाऱ्याचा हात! फवारा मारताना हात थांबला असणार, डावीकडे एकाच जागी दोन हात जास्त बसले असणार. ज्या रंगाच्या जोरावर हा माणूस वर्षानुवर्षं मिरवला तोच रंग फसला होता. त्याला असा आसुरी आनंद झाला की भिंग काढून त्यानं नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आणि नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना, गाडी सुंदरच दिसत होती, म्हणून पुन्हा भिंग लावलं.

रीत होती, उकलायचं नाही. पण रीत ही बरं काम बिघडू नये म्हणून असते, फसलेलं जपायला नसते, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि त्याला ते लगेच पटलं. उरलेला रंग बाटलीत होताच. तोच रंग, त्याचाच, फक्त नीट द्यायचा. मग प्रदर्शनात सांगता आलं असतं, की बॉडी त्याची, पण रंग मला काढावा लागला, बिचाऱ्याचा हात राहिला नव्हता. 'बिचाऱ्याचा' हा शब्द त्यानं दोनदा मनात म्हणून बघितला. स्वयंपाकघरातून एक झाकणाचा डबा आणला, त्यात ब्रेक ऑइल ओतलं आणि गाडीची बॉडी त्यात बुडवली. ब्रेक ऑइल प्लॅस्टिकला काही करत नाही, रंगाला सोडत नाही. झाकण लावून तो कामावर गेला. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलला. मालक खरोखरच म्हणाला, "काय मिलिमीटर, आज खुशीत?" आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा रंग फुगून सुरकुतला होता. जुन्या टूथब्रशनं घासला की त्याची सालं निघत होती, तांबडी, मग त्याखालचा राखाडी प्रायमर, मग पुट्टी मऊ होऊन निघाली. तो नळाखाली धरून हलक्या हातानं घासत होता आणि मागच्या खांबावर काहीतरी चमकलं. टाचणीच्या टोकाएवढं, सोनेरी. त्यानं अंगठ्यानं पुसलं. ते गेलं नाही. पुढच्या खांबावर बघितलं, तिथेही होतं. चारही खांबांवर, कापाच्या बरोबर मधोमध, चष्म्याच्या फ्रेमची सोनेरी तार आरपार घातलेली होती. खांब कापून चिकटवले की ते कमजोर होतात, म्हणून मोडक्या फ्रेमांच्या तारेचे तुकडे त्यांत खिळ्यासारखे घालायची त्याची स्वतःची रीत होती. क्लबात दुसरं कुणी हे करत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाकडे मोडक्या फ्रेमा नव्हत्या. नळ चालू राहिला. बायको आतून ओरडली, पाणी वाया जातंय. त्यानं नळ बंद केला आणि तो मोरीच्या कठड्यावर बसला, ओल्या हातांत स्वतःचं छत धरून.

त्याला ती गाडी आठवली. आठवायला त्रास पडला नाही, उलट ती विसरायलाच त्यानं एवढा त्रास घेतला होता. चारही खांब त्यानं टेबलावरच्या काचेपासून मोजले होते, खालून वर, चिमट्यानं, केसाचाही फरक नव्हता. चिकटवून झाल्यावर गाडी चाकांवर उभी केली आणि छत डावीकडे मागे खाली बसलेलं. कितीतरी वेळ त्याला कळलंच नाही, असं कसं झालं. मग कळलं, की बॉडीच साच्यातून जरा पिळवटलेली आली होती. काच सरळ होती आणि गाडी सरळ नव्हती, आणि त्यानं विश्वास ठेवला काचेवर. कुठलाही पोरगा दारांच्या रेघेकडे नुसता बघून ते ओळखेल. मापं सगळी बरोबर आली होती आणि गाडी वाकडी होती, आणि हे जर रंगवाल्याला कळलं असतं तर त्यानं जन्मभर ते सोडलं नसतं. क्लबात एक सामायिक डबा असायचा, उरलेसुरले भाग त्यात टाकायचे, ज्याला हवे त्यानं न्यायचे. एका बैठकीला सगळे चहाला बाहेर गेल्यावर त्यानं ती बॉडी डब्याच्या तळाशी खुपसली, वर दुसरं सामान लोटलं, आणि बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर चहा प्यायला. त्यावर रंगवाला असं काय काय बोलला असता, याच्या नुसत्या कल्पनेनं तेव्हा त्याचे कान तापले होते. आणि तो काहीच बोलला नव्हता. ती उचलून घरी नेली होती, पुढचं तोंड बदललं होतं, मागचा बंपर काढून टाकला होता, आणि छत, ते वाकडं छत, त्यानं सरळ केलं नव्हतं. हातच लावला नव्हता. त्यानं रंग वाकडा दिला होता. जी कड खाली बसली होती ती फिकी केली, म्हणजे ती वर उचलल्यासारखी दिसेल. तिच्या खालचा भाग दाट केला, म्हणजे खिडकी उंच वाटेल. ज्याला तो आजाऱ्याचा हात म्हणाला होता तो शहाण्याचा हात होता, आणि तो त्यानं टूथब्रशनं घासून मोरीत घालवला होता. मोरीच्या जाळीवर अजून तांबडी सालं अडकली होती. त्यानं ती बोटांनी गोळा केली, काय करायचं ते न सुचून पुन्हा तिथेच टाकली. चोर म्हणावं तर डबा सगळ्यांचा होता. खरं म्हणजे त्याला रडू यायला हवं होतं, निदान शरम वाटायला हवी होती. त्याला फक्त राग आला, असा राग की दात दुखायला लागले.

पुढचे दिवस त्यानं काय नाही केलं. छत पुन्हा काढून नीट बसवावं म्हणून करवत लावली, पण तारा निघेनात, त्यानं त्या इतक्या पक्क्या घातल्या होत्या की जोर केला तर खांबच भुगा झाले असते. कधी नव्हे ते स्वतःच्या चोख कामाला त्यानं शिव्या दिल्या. मग पुट्टी, प्रायमर, आणि बाटलीतला रंग. पहिला हात दिला, दुसरा दिला, रंग आरशासारखा बसला, इतका एकसारखा की भिंगाखालीही तसूभर फरक दिसेना, आणि त्या एकसारख्या तांबड्या रंगाखाली छत उघडं पडलं. बायको चहा घेऊन आली आणि उभी राहून बघत राहिली.

"हे असंच असतं का?" ती म्हणाली. "डावीकडून खचल्यासारखं दिसतंय."

"जा तू."

मग तो प्लॅस्टिकच्या चमच्यांवर रंगवाल्यासारखा फवारा मारून बघायला लागला, इथे फिका, तिथे दाट. डाग पडत होते. त्याचा हात फवारा सारखाच फिरवायचा, एकाच वेगानं, एकाच अंतरावरून, वर्षानुवर्षं त्यानं हाताला तेच शिकवलं होतं, आणि आता हाताला दुसरं काही सांगितलं की तो गोंधळायचा. सगळे चमचे संपले. चार माणसांसमोर रंगवाला हे काम कसं करायचा ते त्याला आठवलं: तोंडानं बडबड चालू, चिलटं हाकलावीत तसा मनगटाचा झटका, आणि बघता बघता गाडी जिवंत. तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहायचा. बघितलं असतं तर कदाचित शिकला असता. पण बघणं म्हणजे मान देणं, आणि तेवढं द्यायला तो तयार नव्हता.

प्रदर्शनाच्या आधी बाई पुन्हा दुकानात आल्या. गाडी मागच्या खोलीतच होती, जेवणाच्या सुट्टीत काही करता येईल म्हणून तो ती रोज घेऊन यायचा. त्याला खोटं बोलायचं होतं की घरी आहे, पण खोकं समोर दिसत होतं. बाईंनी गाडी दोन्ही हातांनी बुडाशी धरून उचलली, रंगाला बोट न लावता, म्हणजे घरात बघून बघून शिकलेल्या असणार. उजेडाकडे नेली.

"रंग काढलात तुम्ही."

"काढावा लागला, वहिनी. एकसारखा नव्हता."

"नव्हताच," त्या म्हणाल्या. "तेवढा वाकडा रंग द्यायला केवढे दिवस घालवले होते त्यांनी. धाप लागायची. मी म्हणायची, सोडा ना आता." त्यांनी गाडी वळवली. "छत तुमचं आहे हे कळलं ना?"

यंत्रावरून पाण्याची धार पडत होती, ती त्यानं बंद केली.

"डब्यात लपवताना दारातून बघितलं होतं त्यांनी तुम्हाला. घरी आले आणि मला म्हणाले, बघ, त्या गाढवानं काय टाकून दिलंय. कापावं तर यानंच. मला सात जन्मात जमायचं नाही."

"मग मला सांगायचं होतं तसं."

"सांगणारच होते की. हिच्यावर बक्षीस घ्यायचं आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं, छत मिलिमीटरचं आहे म्हणून. खूप हसायचे त्यावर. तुमचा चेहरा बघायचा होता त्यांना." त्यांनी गाडी खोक्यात ठेवली, कापूस नीट केला, आणि मग सावकाश, काहीतरी विकत घ्यायचं की नाही ते ठरवावं तशा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "बघितला मी," त्या म्हणाल्या. "येते. प्रदर्शनाला भेटूच."

त्यानंतर तो बोलायचं वाक्य जुळवत राहिला. खरं सांगायचं तर काय सांगायचं? छत माझं. रंग माझा. चाकं, इंजिन, सीट माझ्या. मग इथपर्यंत त्याचा हात म्हणताना बोट कुठे ठेवायचं? समोरच्या जाळीवर? त्या माणसाचं जे काही या गाडीत होतं ते मी धुऊन टाकलं, हे सगळ्या क्लबासमोर सांगायचं, रीत मोडली म्हणून सांगायचं, आणि वर हेही, की ते धुतलं कारण मला ते कळलंच नाही. रस्त्यानं चालताना तो हे वाक्य सुरू करायचा आणि अर्ध्यात थांबायचा. कधी वाटायचं, एकदाचं सांगून टाकावं, म्हणजे निदान एक दिवस तरी माणसासारखं झोपता येईल. कधी वाटायचं, मेलेला माणूस अजून मला नाचवतोय. मुद्दाम माझ्याकडे पाठवली त्यानं गाडी, मी ती भिंगातून बघणार हे माहीत होतं त्याला. तो माझ्यावर उपकार करत होता की माझी खोड काढत होता, हे त्याला ठरवता येईना, आणि दोन्हींतलं काहीही असलं तरी ते त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

हॉलमध्ये टेबलांवर आरसे मांडले होते, गाड्यांचं बूडही दिसावं म्हणून. वेगळं टेबल दाराजवळ होतं. त्यावर एकटी तांबडी गाडी. माणसं येत होती, वाकत होती, आणि त्याला ऐकू यायला लागलं. "छत बसलंय का रे डावीकडे?" "बसलंयच. आजारी माणूस, काय करणार." "कापणं त्याला कधी जमलं नाही बुवा." हे बोलणारी तीच माणसं होती, जी इतकी वर्षं व्वा म्हणत आली होती. त्याच्या छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं, ऊबदार हललं. हेच तर ऐकायचं होतं. हे ऐकण्यासाठी त्यानं अर्धं आयुष्य रंगाच्या वासात काढलं होतं, आणि आता ते ऐकू येत होतं ते त्याच्याच छताबद्दल होतं, तरी कानांना त्याचं काही वावगं वाटत नव्हतं. कानांना ते गोडच लागत होतं. बाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

सेक्रेटरीनं सगळ्यांना शांत केलं. "चला, मिलिमीटर. सांग."

तो पुढे झाला. बोट गाडीजवळ नेलं. बोट छताच्या वर थांबलं, आणि हॉल एवढा शांत होता की बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं ती ऐकू आली, एकदा, दोनदा, मग चालू झाली. त्यानं बाईंकडे बघितलं नाही.

"इथपर्यंत त्याचा हात," तो म्हणाला. "छत त्याचं. रंग मी दिला. इथून पुढे माझा."

माणसांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी खाली वाकून छताकडे बघत होता. तो भला माणूस होता, त्यानं आवाज हळू केला. "शेवटी शेवटी हात थरथरत असेल, नाही का, वहिनी?"

आता मात्र त्याला तिकडे बघावंच लागलं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. रागानं नाही, घाई न करता, त्या दिवशी दुकानात बघितलं होतं तशाच. त्या थांबल्या होत्या. अजूनही वेळ होता, त्यांनी तेवढा वेळ त्याला मुद्दाम दिला होता, आणि हे त्याला कळत होतं.

"हो," शेवटी बाई म्हणाल्या. "फार थरथरायचा. छत त्यांच्याच हातून बिघडलं."

सेक्रेटरीनं सुस्कारा सोडला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण रंग काय दिलायस, मिलिमीटर. मानलं तुला. कुठे दाट नाही, कुठे पातळ नाही."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या सगळ्या हॉलभर झाल्या. इतक्या वर्षांत त्याच्या कामासाठी इथे एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. त्यानं मान खाली घालून आभार मानले आणि त्या थांबायची वाट बघत राहिला. एकेक करून लोक थांबले, गाड्यांकडे वळले, बोलायला लागले. पहिल्या रांगेतल्या बाई पर्स बाजूला ठेवून अजून टाळ्या वाजवत होत्या, एका लयीत, त्याच्याकडे बघत, आणि त्या थांबेपर्यंत त्याला तिथून हलता येत नव्हतं.